जवळ कोण झोपतं

डोळे कधी मिटले ते त्रिंबकला आठवत नव्हतं. उघडले तेव्हाचं सगळं मात्र पुढे कितीतरी दिवस अंगावर येत राहिलं. समोरच्या काचेत बायांचे चेहरे होते, तोंडं उघडी होती आणि आवाज नव्हता. मग आवाज एकदम आला. बाजूच्या सीटवरून क्लीनर चाँद त्याच्या अंगावर आडवा पडून हँडब्रेक ओढत होता, टँकर गचके देत थांबत होता, आणि पुढच्या चाकाखाली रांगेत मांडलेल्या रिकाम्या प्लास्टिकच्या घागरी फुटत होत्या. टँकर पुरता थांबल्यावर त्रिंबकने खिडकीतून खाली पाहिलं. चाकापासून वीतभर अंतरावर एका बाईचा पाय होता, धुळीने पांढरा झालेला, बोटात जोडवं. पाय तिथून हललाच नव्हता. ती छबुबाई होती, परळीच्या थर्मल वीजकेंद्रामागच्या या वस्तीत रोज रांगेत पहिली उभी राहणारी. तिने वर पाहिलं. ती शिव्या देईल असं त्याला वाटलं, तिने द्यायला हव्या होत्या. ती नुसती म्हणाली, ''मेजर, झोप लागली का काय?''

तो खाली उतरला आणि बाभळीला टेकून उभा राहिला. पाणी चाँदने वाटलं. त्या दुष्काळात कारखान्याचं धुराडं दुसऱ्या हंगामातही थंड होतं. उसालाच पाणी नाही तर गाळायचं काय, म्हणून सहकारी साखर कारखान्याने मळी वाहायचे टँकर धुऊन पाण्याला लावले होते. कितीही धुतले तरी पाण्याला किंचित गुळमट वास यायचा. बाया हसून म्हणायच्या, चहात साखर कमी लागती. त्रिंबकला ते हसणं आवडायचं. बायको केसरबाई गेल्यापासून त्याच्याशी दिवसभरात कुणी बोलायचं ते या रांगेतच. कुणी मेजर म्हणायचं, कुणी फौजी, कुणी उशीर कावून झाला म्हणून भांडायचं. भांडण झालं तरी ते माणसांचं असायचं. आज मात्र कुणी भांडत नव्हतं. फुटलेल्या घागरी बायांनी बाजूला सारल्या, उरलेल्या भरल्या, आणि जाताना एकेकीने त्याच्याकडे आजारी माणसाकडे पाहावं तसं पाहिलं.

झोप लागली का काय. सैन्यात हा प्रश्न कुणी विचारत नसे. पहाऱ्यावर झोपलेल्या शिपायाचं नाव लोक हळू आवाजात घेत, पळून गेलेल्या माणसाचं घ्यावं तसं. त्रिंबकने सगळी नोकरी रसदीच्या गाड्या चालवण्यात घालवली होती. काश्मीरातल्या जोजीला घाटाच्या चढावर, एका बाजूला बर्फाची भिंत आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, अशा रस्त्यावर पुढच्या गाडीचा लाल दिवा बघत तो तास न् तास जागा राहिलेला होता. झोप आली की जीभ चावायची, हे त्याला एका गढवाली उस्तादाने शिकवलं होतं. गेलं वर्षभर तो रोज जीभ चावत होता. सकाळी उठला की डोकं शिशाचं व्हायचं, तोंड कोरडं पडायचं, आणि रात्रभर झोपूनही वाटायचं की कुणीतरी आपल्याला रात्रभर मारलंय. त्याला तो कधी वय म्हणायचा, कधी हवेतली राख, कधी केसर. केसर गेल्यावर माणूस असाच होणार, यात विचारायचं काय.

परतताना गाडी चाँदने चालवली. चाँद चाळिशीचा, आधी टायरच्या दुकानात होता. फाटकापाशी रेल्वेसाठी थांबल्यावर म्हणाला, ''चाचा, ही पैली बारी न्हाई.''

''काय?''

''तेलगावच्या रोडला झोपलते तुमी. सिरसाळ्याच्या वळणावर बी. मी जोरात गाणं म्हणलो, तुमी जागे झाले. तुमाला वाटलं चाँद खुशीत हाय.''

त्रिंबकला ते गाणं आठवलं. तो चाँदला हसला होता.

दुसऱ्या दिवशी तो कारखान्यावर गेला आणि मॅनेजर बद्रीनाथच्या टेबलावर टँकरची चावी ठेवली. बद्रीनाथ सज्जन माणूस होता, म्हणून त्याला हे पटेना. ''अहो मेजर, एवढ्यातेवढ्यानं काय? कुणाला लागलं का? न्हाई ना? चहा पीत जा जरा कडक. तुमच्यासारखा डायवर आमाला कुठून मिळंल?''

''मला झोप लागती, साहेब.''

''झोप कुणाला लागत न्हाई?''

''गाडी चालवताना लागती. मला कळतबी न्हाई.'' हे शब्द तोंडातून बाहेर पडले तेव्हा त्रिंबकला अंगावरचा गणवेश उतरवून उभं केल्यासारखं झालं. बद्रीनाथने चावीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि मग चावी खणात टाकली. खण सरकवायचा आवाज त्रिंबकला बाहेर बसस्टँडपर्यंत ऐकू येत राहिला.

मग दिवसच उरले. स्टेशनामागचं दोन खोल्यांचं घर, दारातला पत्रा, पत्र्यावर साचणारी राख. थर्मलचे संच पाण्यावाचून बंद पडले होते तरी जुनी राख वाऱ्याबरोबर येतच होती. ती त्याने सकाळी झाडायची आणि संध्याकाळी पुन्हा झाडायची. दुपारी खुर्चीत बसल्याबसल्या मान पडायची आणि तो दचकून उठायचा, छातीत धडधडत, जसं कुणी हाक मारली. हाक मारणारं कुणी नसायचं. समोर भिंतीवर केसर असायची, हार घातलेली, फोटोग्राफरने नीट बस म्हटल्यावर बसली होती तशी.

शेवटी तो बीडला माजी सैनिकांच्या दवाखान्यात गेला. डॉक्टरीण तरुण होती. ती घाईत नव्हती, याचंच त्याला नवल वाटलं. तिने गळ्याचा घेर मोजला, घशात बॅटरी मारून पाहिलं, वजन घेतलं. मग पेन खाली ठेवून विचारलं, ''काका, तुम्ही घोरता का?''

''ठाऊक न्हाई.''

''झोपेत श्वास अडकतो का? मध्येच थांबतो?''

''ठाऊक न्हाई, मॅडम. मी झोपेत असतो.''

ती हसली. मग म्हणाली, ''जवळ कोण झोपतं? त्यांना विचारते मी. सोबत आलेत का?''

त्रिंबकने टेबलावरच्या काचेखाली पाहिलं. तिथे कसलंतरी जुनं कॅलेंडर होतं. ''जवळ कुणी झोपत न्हाई,'' तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य त्याने मोठ्याने म्हटलं होतं. आपल्याला एक आजार असेल, आणि तो आहे की नाही हे फक्त जवळ झोपणाऱ्या माणसालाच माहीत असेल, आणि ते माणूस आता नसेल, हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

डॉक्टरणीने सांगितलं की झोपेत घशाचा रस्ता मिटतो, श्वास बंद होतो, मग मेंदू घाबरून माणसाला वर ढकलतो. माणूस जागा होतो, पण जागा झाल्याचं त्याला कळत नाही, आणि रात्रभर हेच चालतं. स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. खात्री करायला रात्रभराची तपासणी लागते, ती मोठ्या शहरातल्या इस्पितळात होते. नंबर लागायला बरेच महिने गेले. तो गेला, सबंध दिवस बसमध्ये हाडं खिळखिळी करून. त्यांनी नीट वागवलं. डोक्याला, छातीला, पायाला तारा चिकटवल्या, कोपऱ्यात कॅमेरा होता, आणि काचेपलीकडे एक माणूस त्याच्या झोपेची वाट बघत बसला होता. त्रिंबक सावधानमध्ये झोपल्यासारखा पडून राहिला. डोळा लागायला आला की वाटायचं, कुणी बघतंय, आणि कुणी बघत असताना झोपायचं नाही हे अंगात इतकं खोल गेलेलं होतं की ते औषधानेही निघालं नसतं. सकाळी त्या माणसाने खेद वाटून सांगितलं, ''बाबा, तुम्ही झोपलाच नाहीत. पुन्हा तारीख घ्यावी लागेल.'' म्हणजे थेट दिवाळीनंतर. बसमध्ये मात्र तो बीडपर्यंत झोपला. शेजारचा प्रवासी उठून दुसरीकडे जाऊन बसला होता.

तेच सांगायला तो परत बीडच्या दवाखान्यात आला. उन्हाळ्याची दुपार होती, ओसरीवर बाकं, बाकांवर आपापल्या पिशव्या घेऊन बसलेले जुने जवान. त्याच्या समोरच्या बाकावर एक जाडजूड म्हातारा भिंतीला डोकं टेकून घोरत होता. त्रिंबकने ओळखलं, सुभेदार आप्पाराव, तेलगावचे. शेजारी त्यांची बायको रुक्मिणीबाई बसली होती, मांडीवर डबा, आणि पलीकडच्या बाईशी चाऱ्याच्या छावणीबद्दल बोलत होती. घोरणं मोठं होतं. एक पोरगी हसत होती. आणि मग ते थांबलं.

आधी त्रिंबकला बरं वाटलं. मग त्याच्या लक्षात आलं की छातीही थांबली आहे. शर्टाची बटणं हलत नव्हती. पोट आत ओढलं जात होतं, पण नाकातोंडातून काही ये-जा नव्हती. ओठ काळसर होत होते. कुणाचंच लक्ष नव्हतं. पंखा फिरत होता, कुणी कागद वारा घ्यायला हलवत होतं, आणि एक माणूस सगळ्यांच्या देखत बुडत होता. त्रिंबक उठायला गेला. तेवढ्यात रुक्मिणीबाईने बोलणं न थांबवता, तिकडे न बघता, डावा हात मागे नेला आणि नवऱ्याच्या खांद्याला एक झटका दिला. आप्पाराव भुंकल्यासारखा आवाज करून श्वास घेऊन पुन्हा घोरू लागले. ती म्हणत होती, ''...छावणीत म्हैस न्यायची तर तिथं कुणीतरी ऱ्हायला पायजे ना.'' तिला स्वतःलाही कळलं नव्हतं की आपण काय केलं.

त्रिंबकच्या डाव्या बरगडीत काहीतरी हललं. तिथे कोपर लागायचं. सुट्टीवर असताना, आणि पेन्शनवर आल्यानंतर सगळी वर्षं, रात्री कधीतरी बरगडीत केसरचं कोपर लागायचं आणि तो चिडून कूस बदलायचा. सकाळी म्हणायचा, ''तुला झोपेत लाथा मारायची खोड हाय.'' ती म्हणायची, ''हाय खरी.'' एवढंच. तिने कधी सांगितलं नाही, की तुमचा श्वास जातो. कदाचित तिला वाटलं असेल, फौजी माणसाला असं काही सांगू नये. कदाचित सांगितलंही असेल आणि त्याने ऐकलं नसेल. ओसरीवर बसून तो ते वाक्य शोधत राहिला, तिच्या आवाजात, आणि त्याला ते सापडेना.

डॉक्टरणीला तो म्हणाला, ''मॅडम, मला तिथं झोप येत न्हाई. माणूस आपल्या घरात झोपतो. यंत्र घरी न्हाई का येऊ शकत?''

''छोटं यंत्र असतं,'' ती म्हणाली. ''आपल्याकडे नाहीये.''

''मागा की.''

''मागितलं होतं. जिल्ह्यात असे रुग्ण किती, म्हणून वरून विचारलं. माझ्याकडे सांगायला कुणी नव्हतं. कुणी येतच नाही हो हे सांगायला.''

त्याने दाराबाहेर बोट दाखवलं. ''त्यो एक बसलाय. आणि मी. बाकीचे मी आणतो.''

त्याने खरंच आणले. गाडी नव्हती, हाताला काम नव्हतं. एसटीने तो गावोगाव फिरला. केज, तेलगाव, नांदूरघाट. जुन्या पलटणीच्या माणसांच्या घरी जाऊन बसायचा, पाणी मागायचा नाही कारण त्या साली पाणी मागणं म्हणजे दागिना मागण्यासारखं होतं, आणि विचारायचा, दिवसा झोप येती का. बहुतेक जण चिडायचे. नांदूरघाटचा नायक पंडित म्हणाला, ''मी काय म्हातारा झालो का बे?'' तेव्हा त्रिंबकने त्याला बायांच्या रांगेचं सांगितलं, चाकाचं आणि पायाचं सांगितलं. मग पंडित हळूच म्हणाला, मोटरसायकलवरून तो दोनदा थेट शेतात घुसलता, रस्ता सरळ असताना. लोक म्हणाले, पिऊन होता. त्यानेही तेच म्हटलं. प्यायलेला बरा, झोपलेला नको.

यंत्र पावसाळ्याच्या तोंडी आलं. साबणाच्या डबीएवढं, छातीला पट्टा, बोटाला चिमटा, नाकाखाली नळी. सगळ्या जिल्ह्याला एकच. डॉक्टरणीने पहिल्यांदा त्रिंबकला दिलं. तो आपल्या खाटेवर, आपल्या राखेच्या वासात आडवा झाला, आणि झोपला. निकाल तिने दोनदा वाचला. मग म्हणाली, ''काका, तुम्ही रात्री झोपतच नाही. तासाला तीस-चाळीस वेळा श्वास थांबतो तुमचा. तितक्याच वेळा जागे होता.''

''म्हणजे पहारा,'' तो म्हणाला.

रात्रभर वारा भरून घसा उघडा ठेवणारं श्वासाचं मशीन मिळालं तेव्हा मास्क लावून पहिले काही दिवस त्याला गुदमरायला झालं, विषारी वायूच्या सरावात व्हायचं तसं. वारा ओलसर राहावा म्हणून मशीनच्या कपात तो गाडीच्या बॅटरीत घालतात तसलं शुद्ध पाणी घालायचा, चाँद आणून द्यायचा. आणि मग एका सकाळी त्याला जाग आली. नेहमीचं शिशाचं डोकं नव्हतं. उजेड स्वच्छ होता, पत्र्यावर चिमण्यांचे पाय वाजत होते ते एकेक ऐकू येत होते, आणि त्याने हात पलीकडे टाकला. पलीकडे खाटेची कड होती. केसर नाही हे त्याला दोन वर्षांपासून माहीत होतं, पण ते जाडजूड घोंगडीखालून माहीत होतं. घोंगडी आता कुणीतरी ओढून नेली होती. तो उठून बसला आणि मास्क तोंडावर असतानाच रडला, आणि मशीन त्याच्या रडण्यातही शांतपणे वारा भरत राहिलं. मग त्याला वाटलं, पूर्वीचंच बरं होतं. हे त्याने डॉक्टरणीला कधी सांगितलं नाही.

त्या आठवड्यात त्याने चिंचवडला मुलीला, वैजयंताला, फोन केला. ती म्हणाली, ''बाबा, तुमचा आवाज मोकळा झालाय.'' त्याने विचारलं, ''तुझी आई झोपायची का गं? माझ्याजवळ असताना?''

''तुम्ही सुट्टी संपवून गेलात ना, की आई दोन दिवस अंथरुणातून उठायची नाही.''

ते त्याला माहीत होतं. त्याच्या आईने त्याला पत्रात कळवलं होतं, तू गेलास की सून दोन दिवस अंथरूण धरते. बर्फात बसून तो ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचायचा, आणि गाडीत शेजारी बसलेल्यालाही वाचून दाखवायचा.

''ती रडायची,'' तो म्हणाला.

''नाही हो बाबा. झोपायची. आजी चिडायची, आम्ही हलवायचो, तरी उठायची नाही. म्हणायची, झोपू द्या गं, महिनाभर डोळ्याला डोळा नाही.''

फोन ठेवून तो दारात उभा राहिला. स्टेशनात मालगाडी शंटिंग करत होती. त्याला वाटलं की आता त्याला वाईट वाटेल, पण जे आलं ते वाईट नव्हतं, त्याला नाव नव्हतं. कुणीतरी आपल्यासाठी इतकं केलं आणि आपल्याला दुसरंच काही समजून सुख झालं, आणि आता दोन्ही आपलंच.

टँकरवर चाँद होता आणि चांगला चालवत होता. गाडी चालवायला हरकत नाही असा दाखला डॉक्टरणीने दिला तरी त्रिंबकने चावी परत मागितली नाही. तो साबणाच्या डबीएवढं ते तपासणीचं यंत्र पिशवीत घालून गावोगाव जात राहिला. एके दिवशी रुक्मिणीबाईचा फोन आला. आप्पारावांना मशीन मिळालं होतं, पण ते लावू देत नव्हते, फेकून देत होते. ''भाऊ, तुमीच या. तुमचं ऐकतील.''

तो दुपारी तेलगावला पोचला. आप्पाराव खाटेवर बसून होते, मास्क पायाशी. ''त्रिंबक, ही हत्तीची सोंड मला लावायची न्हाई.''

''सुभेदार साहेब,'' तो म्हणाला, ''हुकूम हाय.''

''कुणाचा बे?''

त्रिंबकने मास्क उचलला, पट्टे सैल केले, आणि म्हाताऱ्याच्या मागे जाऊन हळूहळू डोक्यावरून ओढले, घोड्याला लगाम चढवावा तसे. आप्पारावांनी दोनदा मान झटकली. मग मशीन सुरू झालं, आणि ते आडवे झाले. थोड्या वेळाने घोरणं सुरू व्हायला हवं होतं. ते झालं नाही. छाती वर गेली, खाली आली. वर गेली, खाली आली. रुक्मिणीबाई खाटेच्या पायाशी जमिनीवर बसून बघत होती, हात उचलून, झटका द्यायच्या तयारीत. हात तसाच अधांतरी राहिला. झटका द्यायची गरज पडेना.

''असं किती वेळ चालंल?'' तिने विचारलं.

''उठंपतोर.''

''मधी थांबणार न्हाई?''

''न्हाई, वहिनी.''

तिने हात खाली ठेवला. बाहेर उन्हात कुणी चिटपाखरू नव्हतं. ती चुळबुळली, पदर सारखा केला, आणि लाजल्यासारखी म्हणाली, ''भाऊ, तुमी हाय ना इथं? मंग मी जरा टेकू का?''

''टेका.''

तिने उशी घेतली नाही. होती तिथेच जमिनीवर, हाताची घडी डोक्याखाली घेऊन, भिंतीकडे तोंड करून ती आडवी झाली, आणि त्रिंबकने पाणी मागावं की नाही याचा विचार करेपर्यंत झोपून गेली. ती गाढ झोपली होती, लहान पोरं झोपतात तशी, तोंड किंचित उघडं. माशी गालावर बसली, तिने हलवली नाही. शेवटची बस जायची वेळ होत आली होती. उठलं तर दार वाजेल, म्हणून त्रिंबक उठला नाही. दोन झोपलेल्या माणसांच्या मधे तो मांडी घालून बसला, आणि ऊन उंबऱ्यावरून हळूहळू मागे सरकत गेलं तरी बसून राहिला.